फोटोला हार घातला की झालं?

मला त्या दिग्दर्शकाला एकदा समोर बसवून विचारायचंय. ओरडणार नाही. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर आवाज न चढवता समोरच्याला घाम कसा फोडायचा, ते मला चांगलं जमतं. फक्त एवढंच विचारीन, की बाबा रे, पहिल्या भागात घरभर वावरणारी ती बाई दुसऱ्या भागात गेली कुठं? मारलंस तर मारलंस. पण कशानं गेली, कधी गेली, तिच्यासाठी रडलं कोण, एवढं तरी सांगशील की नाही? भिंतीवर फोटो, फोटोला चंदनाचा हार, आणि पाहुणे यायच्या आधी आपण टीपॉयवर फडका मारतो तसा कॅमेरा तिच्यावरून फिरवलास. दुसऱ्या क्षणी नायक केसांना कलप लावून जिन्यावरून शीळ घालत उतरतोय.

सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना कळेल, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही.

मुळात सिनेमाचा दुसरा भाग निघतोय असं ऐकलं की माझं डोकं फिरायला लागतं. वर्गात एक बाक रिकामा दिसला तरी मी आधी त्याची चौकशी करते आणि मग फळ्याकडे वळते. आणि उत्तर मिळतंच. 'बाई, त्याला ताप आलाय.' 'बाई, ती मामाच्या लग्नाला गेलीय.' मुलांनासुद्धा कळतं, की जो इथं नाही त्याचं काहीतरी सांगावं लागतं. सिनेमावाल्यांना तेवढीही चाड नाही. पहिल्या भागात ज्या धाकट्या भावाला गावची वेस ओलांडायची भीती वाटायची, तो दुसऱ्या भागात कॅनडात असतो, आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नात त्याचा साधा फोन येत नाही. ज्या मित्रानं नायकापायी स्वतःचा पाय मोडून घेतला, त्याचं कुणी नावच काढत नाही; जणू तो कधी जन्मालाच आला नव्हता. आणि सगळ्यात संताप येतो तो तोंडच बदलतात तेव्हा. नाव तेच, कुंकू तेच, नवरा तोच, बाई दुसरीच. आधीची बुटकी होती, ही ताडमाड. आधीचीचा आवाज घोगरा, हिचा मंजूळ. आणि घरातल्या एकालाही वाटत नाही, की ही कोण आली? सासू तिच्या हातचा चहा पिते, नवरा तिला जुन्या आठवणी सांगतो, दारातलं कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

"ताई, नटीच्या तारखा जुळल्या नसतील," असं माझा धाकटा भाऊ समजावतो. तो अंबडला कंपनीत आहे, त्याला सगळीकडे तारखाच दिसतात. अरे, नसतील जुळल्या. मग एक वाक्य घाल ना. मागच्या पावसाळ्यात न्यूमोनियानं गेली, म्हण. एका वाक्याला काय धाड भरते?

हा सिनेमा मी मावशीबरोबर पाहिला. मावशी म्हणजे माझी सावत्र आई. सावत्र हा शब्द मला आवडत नाही, पण वाचणाऱ्याला नातं कळावं म्हणून एकदाच लिहिते. मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली, आणि वर्षाच्या आत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोटीकडची एक मुलगी करून आणली. नातेवाइकांनी मला सांगितलं, हिला मावशी म्हणायचं. म्हणून ती मावशी. भाऊ तिच्या पोटचा, तो तिला आई म्हणतो. आता ती सत्तरीला टेकलीय आणि भावाकडे पंचवटीत राहते. सगळा संसार नाशकात झाला, पण बोलणं अजून घोटीचंच आहे.

पहिला भाग म्हणजे मावशीचा जीव की प्राण. टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसायची. त्यातल्या नायकाच्या बायकोला एक खोड होती. घरात भांडण पेटलं की ती कुणाची बाजू घ्यायची नाही, गुपचूप दाराशी जायची आणि सगळ्यांच्या चपला उचलून लपवून ठेवायची. रागानं घर सोडून निघालेला माणूस अनवाणी दारात उभा राहायचा, चपला शोधता शोधता त्याचा राग उतरायचा आणि मग तो जेवायला बसायचा. मावशी दर वेळी तितकंच हसायची. आण्णाही हसायचे, पण पेपर तोंडासमोर धरून. आमच्या घरात भांडण झालं की मावशी नुसती दाराकडे बघायची, आणि आम्हाला कळायचं की आता चपला सांभाळा.

दुसरा भाग आला तेव्हा आण्णांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात मावशी कुठं बाहेर म्हणून पडली नव्हती. गणपती उठल्यावर मी तिला म्हटलं, चल, तुझी चपलावाली आलीय. तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर ती माझा दंड घट्ट धरून, डोळे मिटून वर आली.

तो फोटो पडद्यावर आला आणि गेला, तेव्हा मावशी पिशवीतून खडीसाखर काढत होती. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग नायकाची मुलगी, जी पहिल्या भागात दोन वेण्या घालून शाळेत जायची, ती मोठी होऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही असे किती दिवस एकटे राहणार?" सगळ्या सिनेमात त्या बाईची आठवण काढणारं वाक्य म्हणाल तर हे एवढंच. आणि तेही दुसरीला घरात आणण्यासाठी.

"अगं, ही कधी गेली?" मावशीनं विचारलं. आवाज खाली घेऊन बोलायची तिला सवय नाही. पुढच्या रांगेतली दोन डोकी मागं वळली.

"सांगतील पुढं," मी म्हटलं.

मध्यंतर झालं तरी सांगितलं नाही. शेजारी राहायला नृत्य शिकवणारी एक बाई आली, मग गाणं, मग परदेशातला बर्फ, मग आणखी एक गाणं, शेवटी मांडव. थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत पडद्याकडे नुसती बघत होती. शेवटी पाट्या सरकायला लागल्या, दिवे लागले, लोक उठले, पण ही हलेना.

"चल ना मावशी."

"थांब. सांगतील आता."

थिएटर रिकामं झालं. झाडू घेऊन एक माणूस रांगेतल्या लाह्या गोळा करत आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "आजी, संपला पिक्चर."

"भाऊ, तू रोज बघतो का हा शिनेमा?"

"रोज चार वेळा बघतो."

"मग त्या बाईचं काय झालं?"

तो गोंधळला. "आजी, फोटोला हार होता ना."

"हार दिसला मला," मावशी म्हणाली. "काय झालं ते इचारते."

तो बिचारा काय सांगणार? ज्यांनी सांगायचं ते पैसे मोजून मोकळे झाले होते. मला इतका राग आला होता, की तिथल्या तिकीट खिडकीवर जाऊन भांडावं असं वाटलं. गेले नाही, कारण खिडकीवरची मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली आणि तिनं वाकून नमस्कार केला.

येताना रिक्षा द्वारका चौकात अडकली. पुढं ट्रक, मागं बस, मध्ये एक टेम्पो आडवा. मावशी तिथं एकदम बोलायला लागली.

"ती सवाष्ण गेली ना?"

"कोण?"

"अगं, चपलावाली."

"नवरा जिवंत आहे म्हटल्यावर सवाष्णच की."

"मग दुसरीच्या गळ्यात टाक कुठं हाय?" ती माझ्याकडे वळून बसली. "मी दोन्ही गाण्यांत बघितला तिचा गळा. एवढा लांब मोकळा गळा. एक मणी नाय."

"मावशी, तेव्हा त्यांचं लग्न कुठं झालं होतं? लग्न शेवटी झालं."

"शेवटी झालं ना? मग तवा तरी घालायचा. हार दाखवला, मेंदी दाखवली, टाक नाय दाखवला. तिची नवमी तरी करत्यात का त्या घरात, का तेबी नाय?"

सिनेमाची इतकी परीक्षणं मी वाचते. कुणी छायाचित्रणावर लिहितं, कुणी संगीतावर. पण दुसऱ्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक नाही, हा दोष त्या सिनेमात फक्त मावशीला दिसला. आणि खरं सांगते, त्याहून मोठा दोष मलाही सापडलेला नाही.

टाक म्हणजे नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. आमच्याकडे रीत अशी, की पहिली बायको गेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर पहिलीचा टाक दुसरीनं आपल्या गळ्यात घालायचा, मंगळसूत्राच्या शेजारी. लोक म्हणतात, पहिलीनं दुसरीला त्रास देऊ नये म्हणून. मला ते कारण कधी पटलं नाही. सराफाकडे साचा एकच असतो, त्यामुळे सगळ्या मेलेल्या बायका सारख्याच दिसतात: दोन हात, एक लुगडं, नाकाच्या जागी एक ठिपका. पण ती तिथं असते. भिंतीवर नाही, गळ्यात असते. स्वयंपाक करताना, पाणी भरताना, नवऱ्याशी बोलताना ती मध्ये असतेच.

मला त्या फोटोचा एवढा राग का, हे आता सांगते. आई आजारी पडली तेव्हा मला कळवणला मामाकडे पाठवलं होतं. मामाच्या अंगणात कांदा पसरलेला असायचा आणि मी त्यात बसून सालं उडवायची, एवढंच आठवतं. परत आले तेव्हा घर धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. दोरीवर आईची साडी नव्हती. फणी नव्हती, टिकल्यांची डबी नव्हती. भिंतीवर फोटो होता आणि फोटोला हार होता. मी विचारलं, आई कुठंय? काकू म्हणाली, बाहेर जाऊन खेळ. आत्यानं हातावर लाडू ठेवला. आण्णांनी पेपर जरा वर धरला. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि त्यातल्या एकालाही मला एक वाक्य सांगावंसं वाटलं नाही. मग लग्न झालं, नवी बाई आली, आणि सगळे असे वागायला लागले, की जणू आमच्या घराची गोष्ट तिथूनच सुरू होतेय.

तिच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती भाकरी थापायला बसली की मी समोर भिंतीला टेकून तिच्याकडे रागानं बघत बसायची. ती वाकली की गळ्यातून काहीतरी चांदीचं पुढं यायचं आणि परातीवर लोंबायचं. एक दिवस राहवलं नाही. मी विचारलं, ते काय आहे?

तिनं पिठाचे हात पुसले आणि टाक माझ्या तळहातावर ठेवला. दोरा तिच्या गळ्यातच होता, त्यामुळे तिला माझ्यापाशी अगदी वाकून बसावं लागलं.

"ही तुझी आई," ती म्हणाली. "काविळीनं गेली. लय ताप होता शेवटी. पोरीला बघायचंय म्हणत होती, पण तुलाबी कावीळ लागेल म्हणून नाय आणली कुणी."

माझ्या घरातल्यांनी जे सांगितलं नाही, ते घोटीहून नुकत्याच आलेल्या, आईला जन्मात न भेटलेल्या बावीस वर्षांच्या मुलीनं मला सांगितलं. तिला कसं माहीत? लग्न ठरल्यावर तिनं आमच्या शेजारणींना, दवाखान्यातल्या नर्सला, जो भेटेल त्याला विचारलं होतं, आधीची कशानं गेली. लोकांना वाटलं, पोरगी चौकस आहे, घरात काही दोष आहे का बघतेय. मी मोठी झाल्यावर तिला त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "ज्या घरात जायचं, तिथली बाई कशानं गेली ते इचारू नाय का?"

आणि नवमीचं सांगायचं तर, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी पितृपक्षात एक दिवस असतो, अविधवा नवमी. आमच्याकडे त्या दिवशी खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक व्हायचा. गुरुजी येऊन विधी करून जायचे. एक सवाष्ण आईच्या नावानं जेवायला बसायची. इथवर सगळ्यांच्या घरी असतंच. पण गुरुजी गेले की मावशी गळ्यातला टाक काढायची. वर्षातून त्या एकाच दिवशी. तो धुऊन, पुसून पानासमोर पाटावर ठेवायची, समोर मांडी घालून बसायची आणि वर्षभरात घरात काय काय झालं ते आईला सांगायची.

अगदी शेजारणीशी बोलावं तसं. "पोरगी धावी झाली. गणितात कमी पडले, पण तू मनाला लावून घेऊ नको." "ह्यांना साखर निघाली. चोरून गोड खात्यात, मी काय करू?" "तुझ्या मोठ्या पातेल्याला चीर गेली. टाकलं नाय, माळ्यावर ठेवलंय." लहानपणी मला त्याची लाज वाटायची. नंतर नंतर मी दाराआड उभी राहून माझ्याबद्दल काय सांगते ते ऐकायची. आण्णांना नेमकं त्याच वेळी बाहेर काहीतरी आणायला जायचं असायचं. गोष्टीचा दुसरा भाग ज्यांना काढायचाय त्यांनी आमच्या घरी येऊन बघायला हवं होतं. जी त्यात नाही तिला मावशी तो दरवर्षी सगळा सांगायची.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "ताई, गुरुजींशी बोललो. यंदापासून नवमी नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे वडील असेपर्यंतच ती करायची असते. आता दोघांचं एकत्र सर्वपित्रीला करायचं. शास्त्रच आहे तसं."

मी फोन ठेवला आणि रिक्षा करून पंचवटीत गेले. गुरुजी बसलेच होते, तिथी ठरवायला आले होते. गृहस्थ सज्जन आहेत, आण्णांच्या चांगल्या ओळखीचे. मावशी बाजूला खाली बसून गवारीच्या शिरा काढत होती.

"पती गेले की ही नवमी थांबते," गुरुजींनी मला शांतपणे सांगितलं. "तुमच्या आई आता वडिलांच्याच श्राद्धात आल्या. वेगळं करायचं कारण उरलं नाही."

"म्हणजे आण्णांचं काम संपलं म्हणून तिचंही काढून टाकायचं?" मी म्हटलं. "तिला एकदा काढलीच आहे गुरुजी. साडी काढली, फणी काढली, नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. वर्षातला एक दिवस तिचा होता. तोही बघवत नाही का कुणाला?"

"ताई, आवाज," भाऊ म्हणाला.

"माझा आवाज असाच आहे. आणि तू मला तारखा सांगू नकोस."

गुरुजींना माझा राग आला नाही, ते नुसते पंचांगावर हात ठेवून बसले. त्यामुळे मला जास्तच संताप आला. शास्त्र म्हटलं की पुढं बोलायची सोयच राहत नाही. फोटोला हार घालणाऱ्यांचंही एक शास्त्रच असणार.

तेवढ्यात मावशीनं गवारीचं ताट बाजूला सारलं.

"गुरुजी, एक अडचण हाय."

"बोला ना."

"तिला अजून सांगितलंच नाय."

"काय सांगितलं नाही?"

"हे गेल्याचं." मावशी पदरानं हात पुसत म्हणाली. "गेल्या पितरांत ह्यांचं वरीस चालू व्हतं, म्हणून नवमी केली नाय. तिच्यापतुर काय पोचलंच नाय. तिच्या लेखी तिचा नवरा अजून हाय. आता नवमीच बंद केली, तर तिला सांगणार कोण?"

भाऊ जरा चाचरत म्हणाला, "आई, आण्णा तिकडेच गेलेत ना. त्यांची भेट झाली असेल. ते सांगतील."

"ते?" मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं मान खाली घातली. "त्यांनी उभ्या जन्मात आपणहून एक गोष्ट सांगितली का कुणाला?"

गुरुजींना हसू आवरलं नाही. आण्णांना ते ओळखत होते. हसून झाल्यावर त्यांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "मी मंत्र म्हणायला येणार नाही, ते चुकीचं होईल. पण घरात कुणी स्वयंपाक करून कुणाला जेवायला घातलं, तर त्याला माझी काय, शास्त्राचीही आडकाठी नाही."

नवमीला भावानं रजा घेतली. मी त्याला विचारलं नव्हतं, त्यानंही सांगितलं नाही. मी पोहोचले तेव्हा तो ओट्यापाशी उभा राहून वडे तळत होता, आणि दोन जाळलेही होते. सवाष्ण म्हणून दरवर्षी यायच्या त्या शेजारच्या काकू मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या. मावशी म्हणाली, "हिलाच बसव. लेक हाय, पण सवाष्ण हाय." म्हणून आईच्या पानावर मी बसले.

आता मावशीच्या गळ्यात मंगळसूत्र नाही. दहाव्याला नदीवर बायकांनी ते उतरवलं, तेव्हा एकीनं टाकालाही हात घातला होता, की नवराच गेला, आता हिचं काय काम? मावशीनं मूठ आवळून धरली होती. तेव्हापासून तो काळ्या दोऱ्यात एकटाच असतो. तो तिनं काढला, धुतला आणि माझ्या पानासमोर पाटावर ठेवला. मग नेहमीसारखी मांडी घालून बसली. आता तिला मांडी नीट घालता येत नाही, एक पाय पुढं सोडावा लागतो.

दोन वर्षांचं साचलेलं होतं. नातीला नोकरी लागली. माझ्या गुडघ्याचं सांगितलं. माळ्यावरचं पातेलं शेवटी मोडीत द्यावं लागलं, त्याबद्दल तिनं आईची माफी मागितली.

"आन शिनेमाचा दुसरा भाग आला," ती टाकाला म्हणाली. "बघण्यासारखा नाय. चपला लपवायची ती बाई, तुला सांगितलं व्हतं बघ, तिला काढली त्यांनी. कशानं गेली ते नाय सांगितलं. मी झाडूवाल्यालाबी इचारलं."

टाकावर पाण्याचा थेंब राहिला होता, तो तिनं पदराच्या टोकानं टिपला.

"आता एक ऱ्हायलं. हे गेले. माघात गेले, दुपारचे. फार हाल नाय झाले. पोरगा कामावर व्हता, हीबी शाळेत व्हती, घरात मी एकलीच. शेवटी वळख ऱ्हायली नव्हती त्यांना. तुझं नाव घेऊन हाक मारली." तिनं मान वर केली नाही. "पुन्यांदा मारली. मग मी ओ दिली."

भाऊ झारा हातात धरून दारात उभा होता. हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दीड वर्ष ती हे कुणालाच बोलली नव्हती, कारण ते आधी जिला सांगायचं होतं तिची नवमी झाली नव्हती.

मावशीनं खिरीची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "जेव. गार होतंय."